नारिंगी झाकणाची बाटली

"काय ही माणसं! सरबत प्यायचं नव्हतं तर आणलं कशाला? अर्धी बाटली तशीच टाकलीय. आणि झाकण तर असं आवळलंय, जसं काही आत कुणाचं सोनं आहे!"

जिन्याखाली पत्र्याच्या आडोशाला टेकून बसलेल्या तिघांना हसू फुटलं. पत्र्यापलीकडे, हातभर अंतरावर, गाडीमावशी कचरा निवडत होत्या आणि नेहमीसारख्या कचऱ्याशीच भांडत होत्या. इमारतीतल्या बारा घरांचा कचरा त्या हातगाडीवरून नेत, म्हणून गाडीमावशी. मोडक्या बाबागाडीची दोन चाकं आज पोरांना द्यायचं त्यांनी कबूल केलं होतं. सुट्टीचा तिसरा दिवस, दोन चाकं आधीच मिळालेली, आणि चारही चाकं लावून गाडी उतारावरून सोडायची योजना वहीत पक्की!

"उद्याच सोडू," मुंगी म्हणाली.

"ब्रेक कुठंय?" वकील म्हणाली. "ब्रेकशिवाय मी बसणार नाही. आधी लिहून द्या."

"ब्रेक म्हणजे माझा पाय!" भोंगा कुजबुजला. तो कुजबुजला की दुसऱ्या मजल्यावरची कबुतरं उडायची, म्हणून तर तो भोंगा. त्याची आई मोठ्या दवाखान्यात नर्स होती आणि तिला घरी शांतता हवी असायची, बिचारीला! वकील ही तळमजल्यावरच्या शिंपीणकाकूंची मुलगी. ती प्रत्येक गोष्टीवर वाद घालायची आणि बहुतेक वेळा जिंकायची. मुंगी अंगाने एवढीशी, पण हातात घेतलेलं काम कधी सोडायची नाही. आणि मुंगीच्या मागे, कुणीही बोलावलेलं नसताना, पाच वर्षांचा तिचा भाऊ. त्याला सगळे शेपूट म्हणत.

"सरबत?" शेपटाचे कान टवकारले. "मला पण सरबत!"

तो पळालाच असता. मुंगीने त्याची कॉलर पकडली. "कचऱ्यातलं पितात का, गाढवा?"

नेमक्या त्याच वेळी पलीकडून 'फस्स्' असा आवाज आला. आणि मग, "आई गं! डोळे! माझे डोळे!"

तिघं पत्र्याला वळसा घालून धावले. मावशी खाली बसल्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरून, गळ्यावरून, हातांवरून दुधासारखं पांढरं काहीतरी ओघळत होतं. पायाशी नारिंगी झाकणाची सरबताची बाटली पडली होती. रॉकेलसारखा उग्र वास नाकात घुसला.

भंगारवाला भरलेली बाटली घेत नाही. म्हणून मावशी प्रत्येक बाटली उघडत, मोरीत रिकामी करत, पायाने चपटी करत आणि पोत्यात टाकत. वर्षानुवर्षं अशाच. काल त्यांची सुट्टी होती, म्हणून पिशव्या कालपासून जिन्याच्या खिडकीतल्या उन्हात तापल्या होत्या. तापून फुगलेली बाटली झाकण फिरवताच अंगावर उडाली.

"वकील, काकूंना बोलाव!" मुंगी ओरडली. "शेपटा, तू तिथेच थांब, हात मागे! भोंग्या, तुझ्या आईला फोन!"

भोंग्याने फोन लावला आणि त्याची आई जे सांगेल ते तो गल्लीला ऐकू जाईल असं ओरडू लागला. "पाणी! भरपूर पाणी! भिजलेले कपडे आधी काढा! डोळे धुवा, अंगाला साबण लावा, पंधरा मिनिटं तरी! धुणाऱ्याने हातात मोजे घाला, नाहीतर प्लास्टिकच्या पिशव्या! त्यांना मोकळ्या हवेत आणा! मी दवाखान्याची गाडी पाठवतेय!"

शिंपीणकाकू दातात टाचण्या धरून काम करत होत्या, तशाच धावत आल्या. त्यांनी टाचण्या थुंकल्या, दोन्ही हातांत कापड ठेवायच्या प्लास्टिकच्या पिशव्या चढवल्या आणि बागेतला पाइप ओढला. मुंगीचे बाबा पायऱ्या उतरून येत होते. समोरचं दृश्य पाहिल्याबरोबर ते जागच्या जागी थिजले. मग तेही धावले आणि त्यांनी नळ पूर्ण सोडला. काकूंनी आडोसा करायला गिऱ्हाइकाचे नवेकोरे पडदे आणले आणि शेवटी त्यातलाच एक मावशींना गुंडाळला. तो पडदा त्या दिवशी सकाळीच शिवून झाला होता.

तोपर्यंत सगळी इमारत गोळा झाली होती.

"दूध पाजा दूध!" कुणीतरी म्हणालं.

"मिठाचं पाणी द्या, उलटी होऊ दे!"

"काही नका पाजू!" भोंगा गरजला. "आई म्हणते तोंडात काहीही घालायचं नाही! त्यांनी प्यायलेलं नाही, अंगावर सांडलंय. आणि प्यायलं असतं तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उलटी करवायची नसते!"

मावशींना दरदरून घाम फुटला होता. तोंडातून लाळ गळत होती. श्वास तर भात्यासारखा चालला होता. दोन हातांनी हातगाडी ढकलणारी एवढी दणकट बाई, आता साधी मानही वर उचलत नव्हती.

तेवढ्यात जिन्यावरून सूचनाकाका उतरले. इमारतीचे सचिव ते. त्यांनी नळावर, दिव्याच्या बटणावर, फाटकावर, झाडाच्या बुंध्यावरसुद्धा सूचना चिकटवल्या होत्या. 'चेंडू खेळू नये.' 'मोठ्याने हसू नये.' त्यांनी बाटलीकडे एक नजर टाकली आणि लगेच दुसरीकडे पाहिलं.

"ही आपल्या इमारतीतली नाही," ते म्हणाले. "बाहेरचा कचरा आणते ही बाई. मी कितीदा सांगितलंय!"

मुंगीला वाटलं, आता कुणीतरी बोलेल. कारण नारिंगी झाकणाच्या त्या बाटल्या मागच्या महिन्यात इमारतीच्या मेळाव्यात सगळ्यांनी पाहिल्या होत्या. रिकाम्या बाटल्या सूचनाकाकांनीच जमा करून ठेवल्या होत्या, 'टाकू नये, उपयोगी पडतात' म्हणत. पण पहिल्या मजल्यावरचे आजोबा आपली नखं बघत होते. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंना अचानक गॅसवर काहीतरी असल्याचं आठवलं. बाबा खाली मान घालून चष्मा पुसत होते. ते चष्म्याच्या दुकानात काम करायचे, पण स्वच्छ असलेली काच पुसताना मुंगीने त्यांना पहिल्यांदाच पाहिलं.

गाडी आली. बाबा आणि काकू मावशींबरोबर गेले. जाताना बाबांनी शेपटाला उचलून छातीशी घट्ट धरलं, इतकं घट्ट की तो "सोडा ना!" म्हणून किंचाळला.

* * *

अर्ध्या तासाने भोंग्याच्या आईचा फोन आला. या वेळी ती ओरडत नव्हती, आणि म्हणूनच भीती वाटली.

"नीट ऐक. मावशींचा श्वास अडकतोय. मुंगीचे बाबा म्हणाले झुरळांचं औषध असावं. पण कुठलं? अशा औषधांच्या निरनिराळ्या जाती असतात आणि सगळ्यांचा उतारा एक नसतो. डॉक्टर अंदाजाने उपचार करतायत. बाटलीवर सरबताच्या फळांचं चित्र आहे, त्याचं आम्ही काय करू? हे ज्या मूळ डब्यातून आलं, त्यावर नाव असतं आणि खाली डॉक्टरांसाठी मजकूर असतो. तिथल्या मोठ्या माणसांना विचार. पटकन!"

"मुंगीच्या बाबांना कसं कळलं, झुरळांचं आहे ते?" फोन ठेवल्यावर वकीलने विचारलं.

"वासावरून," मुंगी म्हणाली. जरा जास्तच घाईने म्हणाली.

त्यांनी दारं वाजवायला सुरुवात केली. पहिल्या दाराचं उत्तर, "कसली बाटली?" दुसऱ्या दाराचं, "आम्ही सरबत पीत नाही." तिसरं दार उघडलंच नाही, पण आत दूरदर्शनचा आवाज कमी झाला. चौथ्या दारातल्या मामी म्हणाल्या, "लहान मुलांनी नसत्या भानगडीत पडू नये."

"मावशी मरतायत!" मुंगी ओरडली. "आणि तुम्ही म्हणता भानगड?"

दार बंद झालं.

मुंगीच्या कानशिलात ठोके पडत होते. या सगळ्यांची घाण, खरकटं, पोरांचे लंगोट, सगळं सगळं मावशी रोज उचलत आल्या. आणि आज त्यांच्यासाठी एक वाक्य उचलायला कुणाची जीभ वर येत नाही!

"मुंगीचं घर सोडून वरच्या सातही घरांना विचारलं," वकील दात आवळून म्हणाली. "सातही खोटं बोलतात. खाली तळमजल्यावर माझ्या आईकडे आणि भोंग्याच्या आईकडे असली बाटली नाही. म्हणजे ज्याने वाटली त्याने नीट विचार करून वाटलीय. ज्या प्रश्न विचारतात त्यांना दिलीच नाही!"

"पण कुणी वाटली?" भोंगा म्हणाला.

"काकांनी," शेपूट म्हणाला.

तिघं गर्रकन वळले.

"सूचनाकाका वर गच्चीवर सरबत ओतत होते. मोठ्या पांढऱ्या डब्यातून. मी म्हटलं मला द्या. तर म्हणाले, हे मोठ्यांचं सरबत आहे, पळ." त्याने ओठ बाहेर काढला. "आपल्या घरी पण आलं. बाबा पण देत नाहीत. मी स्टूल घेऊन काढत होतो तर बाबा केवढ्याने ओरडले!"

मुंगीने शेपटाचे हात धरून उलटेसुलटे पाहिले. पण आता थांबायला वेळ नव्हता.

* * *

"कसला डबा?" सूचनाकाका दारातच उभे राहून म्हणाले. "असला काही डबा नव्हता. असलाच तर फेकून दिला."

"नव्हता, का फेकून दिला?" वकीलने विचारलं. "दोन्ही एकदम कसं खरं असेल?"

"उद्धट कार्टी! शिंप्याच्या घरात हेच शिकवतात?"

"शिंप्याच्या घरात टाके उसवून बघायला शिकवतात!"

दार आपटलं. दारावर सूचना होती, 'दार आपटू नये.'

"गच्चीवर!" मुंगी म्हणाली.

गच्चीवरच्या टाकीच्या सावलीत सिमेंटवर एक पांढरट गोल उमटला होता, आणि गोलाभोवती मेलेल्या मुंग्यांची रांग. गोलाजवळ जाऊ नये एवढं त्यांना आता कळत होतं. डबा मात्र नव्हता. वॉचमनदादांना विचारलं तेव्हा ते आधी घुटमळले, आणि मग भोंग्याच्या आवाजाला घाबरून म्हणाले, "अरे हळू! काकांनी तो रिकामा करून माळीबाबांना दिला. चांगला जाड डबा, कशाला वाया घालवायचा म्हणाले."

माळीबाबा मागच्या बाजूला पिंपातून पाणी भरत होते. त्यांच्या हातात एक पांढरं नसराळं होतं, कडीचं, रुंद तोंडाचं. एका मोठ्या डब्याचा वरचा अर्धा भाग!

"बाबा, खाली ठेवा ते!" भोंगा एवढ्याने ओरडला की माळीबाबांनी ते खरंच टाकलं.

"मी तर धुऊन घेतलंय," ते गोंधळून म्हणाले. "तीनदा धुतलंय, पोरांनो."

"तो डबा धुऊनसुद्धा वापरायचा नसतो, बाबा," मुंगी म्हणाली. त्यांचा राग येत नव्हता. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. "तुम्ही आधी साबणाने हात धुवा. कोपरापर्यंत."

वकीलकडे तिच्या आईचा जुना, काच तडकलेला फोन होता. हात न लावता, वाकून, तिने नसराळ्यावरच्या अर्ध्या चिठ्ठीचा फोटो घेतला. मोठं अवघड नाव होतं. त्याच्याखाली लाल अक्षरं होती: फक्त गोदामांसाठी. घरात वापरू न... तिथेच करवतीने कापलेली कड आली.

फोटो गेला. दोन मिनिटांत भोंग्याच्या आईचा फोन. "शाब्बास! नाव कळलं. पण या नावाची दोन रूपं येतात. खालचा अर्धा भाग पाहिजे, घटक लिहिलेला. डॉक्टर थांबलेत!"

"खालचा अर्धा कुठंय, बाबा?"

"त्याची कुंडी केली," माळीबाबा म्हणाले. "जास्वंदीची फांदी लावली. फाटकापाशी आहे."

ते फाटकाकडे धावले. फाटकापाशी कुंड्यांची रांग होती. त्या रांगेत एक जागा रिकामी होती, खाली ओली गोल खूण.

"तो बघा!" मुंगी किंचाळली.

सूचनाकाका कुंडी पोटाशी धरून, जास्वंदीची फांदी नाकात जात असताना, मागच्या उघड्या गटाराकडे लगबगीने निघाले होते.

तिकडे श्वास अडकतोय, आणि हा माणूस इकडे गटाराकडे धावतोय! गटार पुढे तळ्याला मिळतं हेही त्याला माहीत आहे! मुंगी झेप घ्यायच्या बेतात होती. वकीलने तिचा दंड धरला.

"ओढाओढी केली तर माती तुझ्या अंगावर. आणि तो मोठा आहे, आपण हरू. भोंग्या, तुझी पाळी. लोकांना खिडकीत आण."

"काय सांगून?"

"त्यांना ऐकायला आवडेल असं काहीही!"

भोंग्याने छाती भरून घेतली. मग त्या सुट्टीतली, कदाचित त्याच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी आरोळी बाहेर पडली.

"सगळ्यांनी खिडकीत या हो! सूचनाकाका झाड लावतायत! फोटो काढायचाय! टाळ्याऽऽऽ!"

खटाखट खिडक्या उघडल्या. घराघरातली तोंडं बाहेर आली. समोरच्या इमारतीतलीही आली. रस्त्यावरून जाणारे दोन सायकलवाले थांबले. कुणालाच काही कळलं नव्हतं, पण टाळ्या म्हटल्यावर टाळ्या वाजू लागल्या.

सूचनाकाका गटारापासून चार पावलांवर थिजले. एवढ्या डोळ्यांसमोर कुंडी गटारात टाकायची कशी? फोटोला नाही म्हणायचं कसं? त्यांच्या ओठांवर आपोआप ते सभेतलं हसू आलं.

"काका, खाली ठेवा ना, कुंडी नीट दिसत नाही," वकील गोड आवाजात म्हणाली. "थोडी इकडे वळवा. चिठ्ठीची बाजू पुढे. हां! आता मागे व्हा."

आणि ते मागे झाले! सवयीने!

मुंगी कुंडीपुढे गुडघ्यांवर बसली. चिठ्ठीवर मातीचे ओघळ होते. तिने हात लावला नाही, लांब काडीने एकेक ओघळ खरवडला. घटक. प्रमाण. आणि सगळ्यात खाली, बारीक अक्षरांत, 'डॉक्टरांसाठी सूचना'. इमारतभर सूचना चिकटवणाऱ्या माणसाने हीच एक सूचना वाचली नव्हती.

खट्. फोटो गेला.

मुंगी उठली. "काका, सरबताच्या बाटल्यांत विष भरून वाटलंत. नळावरसुद्धा चिठ्ठी लावता तुम्ही. त्या बाटल्यांवर एक चिठ्ठी लावता आली नाही?"

"औषध होतं ते," काका पुटपुटले. "तुमच्याच भल्यासाठी. झुरळं झाली होती. गोदामातून जोरदार मिळालं म्हणून..."

"औषध म्हणू नका!" वकील ओरडली. "औषध मावशींना आता देतायत. हे विष होतं!"

खिडक्यांमधली तोंडं एकेक करून आत गेली. टाळ्या केव्हाच थांबल्या होत्या.

तासाभराने फोन आला. योग्य उतारा सुरू केला होता. श्वास जरा मोकळा झाला होता. भोंगा ते मोठ्याने सांगायला गेला आणि त्याचा आवाज फुटला. पहिल्यांदाच त्याचं बोलणं कुणाला ऐकू गेलं नाही.

* * *

पुढचे चार दिवस मुलांनी चाकांच्या वहीला हात लावला नाही. वकीलने तिच्या कोऱ्या पानावर एक यादी केली. वरची आठ घरं, आठ बाटल्या. शिंपीणकाकू हातात जाड मोजे घालून दारोदार गेल्या, आणि मुलं दोन पायऱ्या खाली उभी राहून नुसती बघत राहिली. मुलांनी बघत उभं राहायचं, एवढंच काम होतं. एवढ्या डोळ्यांपुढे "कसली बाटली?" म्हणायला आता कुणी धजत नव्हतं.

कुठे बाटली बाहेर आली सिंकखालून, कुठे तांदळाच्या डब्यामागून. एका घरात ती चक्क फ्रिजच्या दारात, खऱ्या सरबताच्या शेजारी उभी होती! बाटल्या उभ्याच एका झाकणाच्या बादलीत, वाळूत रोवून ठेवल्या. डब्याचे दोन्ही तुकडे आणि कुंडीतली माती वेगळी बांधली. प्रत्येकावर वकीलच्या अक्षरात मोठी चिठ्ठी: विष. काही ओतलं नाही, मोरीत नाही, मातीत नाही. पालिकेची धोकादायक कचऱ्याची गाडी आली आणि सगळं घेऊन गेली. गाडीबरोबर आलेल्या निरीक्षकबाईंनी सूचनाकाकांना समोर बसवून दोन तास प्रश्न विचारले आणि सगळ्याखाली त्यांची सही घेतली. आता ते सचिव राहिले नव्हते.

यादीवर सात बरोबरच्या खुणा झाल्या. आठव्या ओळीपुढे काहीच नव्हतं.

आठवी बाटली कोणती, हे सगळ्यांना माहीत होतं. ती मावशींच्या अंगावर उडाली होती. आठपर्यंत मोजता न येणारं इमारतीत कुणी नव्हतं. आठव्या ओळीवर मुंगीच्या घराचा क्रमांक होता.

वकीलने ती यादी घडी करून खिशात घातली. भर चौकात राजालासुद्धा खोटं ठरवणारी वकील, या बाबतीत एक शब्द बोलली नाही. भोंगाही नाही. मुंगीला त्यांचा राग आला, आणि खूप बरंही वाटलं, आणि बरं वाटल्याचाच मग जास्त राग आला. त्या पिशवीची गाठ आदल्या सकाळी बाबांनी मारली होती. खाली तिने नेली होती, गाणं म्हणत.

बाबा चारही दिवस दवाखान्यात मावशींपाशी होते. लोक म्हणत होते, "बघा, किती करतात हो! स्वतःच्या बहिणीसाठी कुणी करणार नाही." ते ऐकून बाबा चष्मा पुसायचे.

पाचव्या दिवशी सकाळी मावशी आल्या. काम करायला नाही, डॉक्टरांनी अजून महिनाभर काम करायला मनाई केली होती. त्यांना खाली अंगणात बोलावलं होतं. खुर्च्या मांडल्या होत्या. डोळे लाल, आवाज घोगरा, अंगावर तोच पडदा शालीसारखा घेतलेला. शिंपीणकाकूंनी त्याला किनार लावून दिली होती.

सूचनाकाका सचिव नव्हते, पण सवय जात नाही. त्यांनी कागद काढला. "आपल्या इमारतीच्या या शूर बालकांचं कौतुक करावं तेवढं थोडं..."

टाळ्या वाजल्या. पहिल्या मजल्यावरच्या आजोबांनी तिघांच्या पाठीवर थाप मारली. चौथ्या दारातल्या मामींनी मुंगीचा गाल ओढला आणि म्हणाल्या, "गुणाची गं पोर!" खाऊचे तीन पुडे पुढे आले.

मुंगीने हात मागे घेतले.

"आमचं कौतुक नका करू," ती म्हणाली. रागाने तिचे कान तापले होते. "आम्ही दारं वाजवली तेव्हा तुम्ही म्हणालात कसली बाटली. मावशींनी बाहेरून आणली असंही म्हणालात. ते कुणी परत घेतलं का? मावशींना सॉरी कोण म्हणालं?"

कुणी खुर्ची सरकवली. कुणी खोकलं.

"बरोबर बोलली पोरगी," शिंपीणकाकू म्हणाल्या. "चूक झाली, मावशी. मीही त्या वेळी गर्दीसमोर भांडायला हवं होतं." मग माळीबाबा उठले. मग भोंग्याच्या आईने टक लावून पाहिल्यावर आणखी दोघं. पुटपुटल्यासारखं का होईना, पण म्हणाले.

मावशींनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग त्यांनी मान वर केली.

"मला एकच सांगा," त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "भांडायचं नाही मला. पण रोज रात्री डोळे मिटले की तेच येतं. ती बाटली कुणाच्या घरातली होती?"

वकीलचा हात खिशावर गेला. भोंगा पायाने माती उकरू लागला. अंगणातली सगळी माणसं मुंगीकडे न बघण्याचा एवढा प्रयत्न करत होती की ते आंधळ्यालाही दिसलं असतं.

मुंगीने तोंड उघडलं. पिशवी मी नेली, एवढं तरी आपण म्हणायचं.

तेवढ्यात शेवटच्या रांगेतली खुर्ची मागे सरकली. बाबा उभे राहिले होते. चष्मा त्यांच्या हातात होता आणि ते पुसत नव्हते.

"माझ्या घरातली," ते म्हणाले. "माझ्या पोराच्या हाताला लागेल म्हणून मी ती टाकली. घाईघाईने, तुमच्या पिशवीत. ताई, तुमच्या हाताला लागेल, हे माझ्या मनातही आलं नाही."